टाकीतला पंप आणि त्याचा लॉट नंबर



इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया आणि तहनामे यांच्याकडे वळतो. आज मी मुठीत मावेल अशा एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. पेट्रोल गाडीच्या टाकीत बुडवून ठेवलेला विजेचा पंप. गाडी नीट चालत असते तोवर त्याची कुणाला आठवणही होत नाही. तो थांबला की मात्र लाखांची गाडी भर रस्त्यात गपकन बंद पडते.

इथे बंगळुरात इंजिनाची ताकद वाढवून घेण्याची हौस जुनी आहे. अशी गाडी तयार करताना कंपनीचा पंप काढून बाजारातला मोठा पंप बसवतात. मग प्रश्न येतो: बाहेरच्या पंपावर भरवसा ठेवायचा का? याचं उत्तर 'अमुक ब्रँड घ्या' इतकं सोपं नाही. ते शोधायला थोडं मागे जावं लागेल.

पंप टाकीबाहेर होता तेव्हा

अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, कार्बोरेटरवाली मारुती ८०० आठवा. पेट्रोलचा पंप इंजिनाला बाहेरून जोडलेला असायचा. इंजिन फिरलं की आतला कॅम पंपाची दांडी हलवायचा, रबरी पडदा वरखाली व्हायचा आणि पेट्रोल ओढलं जायचं. दाब जेमतेम पाव ते तृतीयांश बार. कार्बोरेटरची वाटी भरती ठेवायची, एवढंच त्याचं काम. फौजेची जबलपूरला बनणारी पेट्रोल जोंगाही कार्बोरेटरवरच चालायची.

हा पंप बिघडायचा, आणि बऱ्यापैकी वेळा बिघडायचा. पण बिघाड डोळ्यांना दिसायचा. पडदा फाटला की पेट्रोल गळायचं, वास यायचा. कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री किट आणून अर्ध्या-पाऊण तासात पडदा बदलून द्यायचा. उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढावर पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला की ड्रायव्हर त्यावर ओलं फडकं टाकून झाडाखाली विडी ओढत बसायचा. पंप गार झाला की गाडी चालू.

टाकीत कसा गेला

१९६७ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. तिच्यात पेट्रोल थेंब-थेंब न येता दाबाने फवारलं जातं, म्हणून विजेचा जोरदार पंप लागला. आपल्याकडे हे घरोघरी पोहोचायला तीन दशकं लागली, आणि पोहोचलं ते प्रदूषणामुळे. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांसाठी आधी युरो-१ आणि मग १ एप्रिल २००० पासून युरो-२ बंधनकारक केलं. कार्बोरेटरचे दिवस भरले. मारुती ८०० ला एमपीएफआय इंजिन मिळालं. २००० साली जिप्सीलाही मिळालं, जी फौजेचीही लाडकी आणि रॅलीवाल्यांचीही.

आता दाब झाला साधारण तीन बार, म्हणजे जुन्याच्या दहापट. पंप टाकीत बुडवण्याची कारणं सरळ आहेत. पंपाला ढकलायला जमतं, ओढायला तितकं जमत नाही. दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहज होत नाही, त्यामुळे घाटातलं ओलं फडकं इतिहासजमा झालं. शिवाय भोवतालचं आणि आतून वाहणारं पेट्रोलच पंपाला गार ठेवतं. 'टाकीत विजेची मोटर, ठिणगी पडली तर?' अशी भीती अनेकांना वाटते. पण टाकीतली वाफ इतकी दाट असते आणि हवा इतकी कमी, की ती पेट घेऊ शकत नाही.

या बदलात एक गोष्ट मात्र हातची गेली. बिघाड दिसेनासा झाला. पंप सीलबंद झाला, मागच्या सीटखाली किंवा थेट टाकीवर गेला, आणि मिस्त्रीकडे दुरुस्तीऐवजी 'बदलून टाका' एवढाच सल्ला उरला.

अडुगोडी ते जे. सी. रोड

या गोष्टीत बंगळूरचं स्थान मोठं आहे. मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ साली स्थापन झाली आणि १९५३ पासून इथल्या अडुगोडीत तिचा कारखाना उभा राहिला. स्पार्क प्लग आणि डिझेलचे इंजेक्शन पंप हा तिचा माल. इथे मायको लेआउट ही वसाहत आहे आणि नाशिककरांना मायको सर्कल सांगावं लागत नाही, कारण तिचा एक मोठा कारखाना सातपूरला आहे. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण लोकांच्या तोंडी मायको टिकून आहे.

मायकोने देशाला डिझेल पंप दिले, त्याचबरोबर एक शिस्तही दिली. डिझेल पंप बिघडला की तो पंपवाल्याच्या दुकानात जातो. तिथे टेस्ट बेंच असतो. पंप त्यावर फिरवतात, प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातंय ते काचेच्या नळ्यांत मोजतात, जुळवतात आणि सील मारतात. पुढे ट्रक अडला तर मालकाला माहीत असतं की सील कुणाचं आहे आणि जाब कुणाला विचारायचा.

टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या वाट्याला ही शिस्त आली नाही. तो डब्यात येतो आणि गिऱ्हाईक डब्यावरचं नाव वाचून पैसे मोजतं. बंगळुरात हा बाजार म्हणजे कलासीपाळ्याजवळचा जे. सी. रोड. पुणेकरांनी नाना पेठ डोळ्यांसमोर आणावी. इथे एकाच पंपाचे चार अवतार मिळतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यातला, पंप बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या डब्यातला, तिसऱ्याच कंपनीने त्या मापाचा बनवलेला, आणि हुबेहूब डबा छापून विकलेला डुप्लिकेट. पाचवा हवा असेल तर शिवाजीनगरच्या गुजरीत जुन्या गाडीतून काढलेला मिळतो. पहिले तीन प्रामाणिक असू शकतात. तिसऱ्या प्रकारातही उत्तम माल असतो, हे मुद्दाम सांगतो. 'बाहेरचा' म्हणजे वाईट असं समीकरण नाही. अडचण ही की काउंटरवर पाचही सारखेच चकचकीत दिसतात.

ताकद वाढली की पंपाचं काय होतं

साध्या गाडीत पंपाकडे थोडी शिल्लक ताकद असते. पण ऑक्टेव्हिया आरएससारख्या टर्बो गाडीचा बूस्ट वाढवला की हिशेब बदलतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल. तेही जास्त दाबाने, कारण अनेक गाड्यांत बूस्टबरोबर पेट्रोलचा दाबही चढतो. तीन बारवर एक बार बूस्ट चढला की पंपाला चार बारवर काम करावं लागतं. आणि दाब वाढला की कोणत्याही पंपाचा प्रवाह कमी होतो.

इथे डब्यावरचा आकडा फसवतो. अमेरिकेच्या वॉल्ब्रोचा ताशी २५५ लिटरचा पंप जगभरच्या हौशी मंडळींमध्ये इतका गाजला की त्याच्या नकलाही जगभर निघाल्या. बॉशच्या '०४४' पंपाचं तेच झालं. नकली पंपावरही २५५ लिहिता येतं. पण खऱ्या पंपाचासुद्धा आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजलाच खरा असतो. मूळ बारीक वायरीवर मोठा पंप जोडला की तो जास्त करंट ओढतो, वायर तापते, पंपापर्यंत व्होल्टेज कमी पोहोचतं आणि २५५ चे २५५ राहत नाहीत.

आता नुकसान बघा. पंप पूर्ण बंद पडला तर गाडी थांबते. रस्ता मोकळा असेल तर तेवढ्यावर निभावतं. अर्धवट कमी पडला तर जास्त वाईट. पूर्ण बूस्टवर पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ज्वलनाचं तापमान चढतं, इंजिन ठोके मारतं आणि पिस्टन वितळू शकतो. काही हजारांचा पंप, काही लाखांचं इंजिन.

आणि अनेकदा दोष पंपाचा नसतोच, त्याच्या आजूबाजूच्या स्वस्त भागांचा असतो. टाकीच्या आत पंपाला जोडलेली छोटी नळी हे त्याचं ठळक उदाहरण. इंजिनाजवळ लावायची पेट्रोलची रबरी नळी आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही. ती टाकीत बुडवली की फुगते, मऊ पडते, फाटते. मग पंप जोरात फिरत राहतो आणि पेट्रोल फाटक्या नळीतून टाकीतच परत पडतं. बुडवण्यासाठी वेगळी नळी असते, एसएई जे-३० आर-१० दर्जाची. ती महाग असते आणि फूटभरच लागते. तरी काटकसर नेमकी तिथेच होते. खालची जाळी, क्लिप, टाकीच्या झाकणातला विजेचा जोड, सीलची रिंग, हे सगळे त्याच रांगेतले.

मग कंपनीचा माल तरी निर्दोष आहे का?

नाही. गेल्या काही वर्षांचा इतिहास स्पष्ट आहे. जपानच्या डेन्सो कंपनीच्या पंपांमधला इम्पेलर, म्हणजे पेट्रोल ढकलणारी प्लास्टिकची चकती, पेट्रोल शोषून आकार बदलते आणि पंपाच्या घराला घासून अडकू शकते, असं आढळलं. २०२० मध्ये एकट्या टोयोटाने या कारणासाठी जगभरात तीस लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. भारतात होंडाने जून २०२० मध्ये ६५,६५१ आणि एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्यांचे पंप बदलायचं जाहीर केलं. मारुतीने जुलै २०२० मध्ये वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी तपासायला घेतल्या.

नोव्हेंबर २०२४ पासून होंडाने आणखी नव्वद हजारांवर गाड्या घेतल्या. त्यात २,२०४ गाड्या अशा होत्या, ज्यांत हा पंप मुळात नव्हता. पुढे कधीतरी सुटा भाग म्हणून तो बसवला गेला होता. तरीही कंपनीने त्यांचा माग काढला. अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवरून पंप विकत घेणाऱ्यांनाही तिने तपासणीसाठी बोलावलं.

माझ्या मते आजच्या प्रश्नाची किल्ली या २,२०४ मध्ये आहे. फौजेत दारूगोळ्याच्या प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. एखाद्या लॉटवर शंका आली की तो वाळवंटातल्या तळावर असो की हिमालयातल्या चौकीवर, वापर थांबवता येतो. कारखान्यात चूक होणारच नाही, असं ही पद्धत धरून चालत नाही. चूक झाली तर ती कुठे-कुठे पोहोचली आहे ते कळलं पाहिजे, एवढीच तिची अपेक्षा असते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सदोष वाहनं परत बोलावण्याला कायद्याचा आधार दिला, तोही याच विचाराने.

म्हणून चांगला पंप आणि भरवशाचा पंप यांत मी फरक करतो. चांगला पंप आज नीट चालतो. भरवशाच्या पंपाचा दोष उद्या निघाला तर निरोप तुमच्यापर्यंत येतो. बिल नसलेल्या, नंबर नसलेल्या पंपासाठी तो निरोप कुणी पाठवणार नाही, मग तो पंप कितीही चांगला असो.

बंगळुरातलीच आणखी एक तारीख

६ फेब्रुवारी २०२३. इंडिया एनर्जी वीकच्या निमित्ताने बंगळुरात पंतप्रधानांच्या हस्ते ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली. वीस टक्के इथेनॉल. महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यातल्या वाचकांना त्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे, कारण त्यातलं पुष्कळ इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांतून येतं.

पंपासाठी मात्र हे वेगळं इंधन आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, काही रबर आणि प्लास्टिक फुगवतं, जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवून जाळीवर आणतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई-२० धरून बनवले आहेत. पण २००४ ची हौसेची गाडी आणि जुना साठा असलेला डबा, यांचं काय? दहा वर्षांपूर्वी नावाजलेला बाहेरचा पंप त्या काळच्या पेट्रोलवर नावाजला गेला होता, हे लक्षात ठेवायला हवं.

तर करायचं काय?

थोडक्यात सांगतो. पंप घेताना दाब आणि व्होल्टेजनुसार प्रवाहाचा तक्ता मागा आणि इथेनॉल चालतं का ते लेखी बघा. पंपावर कोरलेला नंबर बिलावर लिहून घ्या. नळी, जाळी, क्लिप आणि रिंग पंपाबरोबरच योग्य दर्जाची बदला. मोठ्या पंपाला रिलेसह स्वतंत्र जाड वायर द्या. बसवल्यावर पेट्रोलचा दाब आणि पंपापाशी पोहोचणारं व्होल्टेज पूर्ण लोडवर मोजायला लावा, कारण उभ्या गाडीत बहुतेक पंप पास होतात. टाकी पाव भरलेली ठेवा, पंप गार राहतो. आणि हे काम टाकी उघडून पेट्रोलच्या वाफेत करायचं असतं, म्हणून ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

अडुगोडीच्या डिझेल पंपाने मोजायचं आणि सील मारायचं वळण लावलं होतं. पेट्रोलच्या पंपाला ते वळण बाजार लावणार नाही, गिऱ्हाइकालाच लावावं लागेल. काउंटरवर 'ओरिजिनल आहे ना?' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी 'बिलावर नंबर लिहून द्याल का?' असं विचारा. द्यायला तयार झाला तर पंप घ्या. नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा, जे. सी. रोडवर दुकानांची कमी नाही.