येरवड्याचें जिराईत शिवार आणि ‘बेवड’ शब्दाचा पुरावा

मुळा-मुठेच्या डाव्या तीरावरील येरवडा हें नांव उच्चारलें कीं वाचकांस 1871 सालच्या तुरुंगाचें स्मरण होतें, शिवाराचें होत नाहीं. तें शिवार आतां शहराखालीं गेलें. सबब तेथील जुन्या शेतीविषयीं जें कळावयाचें तें कागदांवरून व शब्दांवरूनच.

पुणें प्रांतीं बाजरीच्या पेऱ्यांत तुरीच्या ओळी टाकण्याचा प्रघात आहे. 1885 सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत त्याची नोंद सांपडते. बाजरी आश्विनांत निघते, तूर पौषापर्यंत उभी राहते. तिचें मूळ खोल जातें व पाला जागींच गळतो. अशा जमिनीचा ‘बेवड’ चांगला, असें शेतकरी म्हणतो. बेवड म्हणजे आधींच्या पिकानें जमिनीस आलेली स्थिति. या एका शब्दांत, कारण ठाऊक नसतां, परिणाम अचूक ओळखलेला आहे.

तें कारण 1886 ते 1888 या काळांत जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं सिद्ध केलें: द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात. लागलीच 1889 सालीं डॉ. व्होल्कर हिंदुस्थानांत आले, व 1893 च्या आपल्या अहवालांत त्यांनीं येथील मिश्र पिकांची व फेरपालटाची दखल घेतली.

तथापि अतिशयोक्ति नको. दाणा घरीं नेला कीं नत्राचा मोठा भाग त्याबरोबर जातो. जमिनीस उरतो तो मुळांतला व पाल्यांतला. ताग फुलावर येतांच गाडल्यास लाभ अधिक. परंतु जिराईतांत तो वाढावयास व कुजावयास जी ओल लागते, ती पुढील पिकाच्या वांट्याची असते. येरवड्याच्या पूर्वेस मांजरी येथें 1923 पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले, त्यांतही ओल राखणें हाच मुख्य प्रश्न होता. तुरीची ओळ ठेवणाऱ्या कुणब्यानें ही तडजोड स्वतःपुरती सोडविली होती.

जमाबंदीचे कागद पीक व आकार सांगतात. पेरणीचा हेतु सांगत नाहींत. तो बियाण्याच्या यादींत शोधावा लागतो, कारण बाजरी किती शेर व तूर किती, यावरूनच मिश्रणाचें प्रमाण कळतें. संग्राहक सनदा व महजर जपतात. असल्या यादी किरकोळ म्हणून रुमालाबाहेर पडतात. ज्या गांवांचीं शेतें नाहींशीं झालीं, त्यांच्या बेवडाचा तोच शेवटला लेख होय. तो रद्दींत जाऊं देऊं नये, एवढीच विनंति.