आंतरदेशीय दत्तक (भारतातून)

आंतरदेशीय दत्तक : एका देशातील मूल दुसऱ्या देशात राहणाऱ्या कुटुंबात कायद्याने आणि कायमचे सामावून घेण्याची पद्धत. भारतातील मूल परदेशी नागरिकाने, परदेशस्थ भारतीय नागरिकाने किंवा भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाने दत्तक घेतले, तर ते या सदरात येते. त्यामुळे दुबईत नोकरी करणारे आणि भारतीय पासपोर्ट बाळगणारे मराठी दांपत्यही सोलापूरच्या संस्थेतून मूल घेताना याच वाटेने जाते. भारतात या व्यवहाराचे नियंत्रण केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरण (कारा) करते. ही यंत्रणा मुलासाठी घर शोधते, घरासाठी मूल नव्हे. तिच्या बहुतेक अटी आणि तिथला बहुतेक विलंब या एका गोष्टीवरून समजतो.

जुन्या हिंदू परंपरेत दत्तक घेतला जाई तो वंश चालावा, पिंडदान व्हावे, वतन टिकावे म्हणून; तोही शक्यतो भाऊबंदांतला मुलगा. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा झाली, तीही इंग्रजांनी दत्तक नाकारल्यामुळे. १८७४ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. वारशाच्या हिशेबात न बसणारे ते त्या काळातले विरळा उदाहरण. स्वातंत्र्यानंतर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ आला. त्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, पण कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच होता. सर्व धर्मीयांसाठी एकच दत्तक कायदा करण्याची विधेयके १९७२ आणि १९८० मध्ये मांडली गेली आणि विरोधामुळे बारगळली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तेव्हाच्या बाल न्याय कायद्याखाली (२०००) कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते.

मधल्या काळात परदेशी दांपत्यांना भारतात दत्तक घेण्याचा मार्गच नव्हता. ते पालक व पाल्य कायदा, १८९० खाली न्यायालयातून पालकत्वाचा आदेश मिळवत, मुलाला भारतीय पासपोर्टवर घेऊन जात आणि दत्तकविधान आपल्या देशात करत. निदान करायला हवे होते. या पळवाटेत दलालांचे फावले. लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने याविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा निकाल दिला. मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच अर्ज, परदेशी कुटुंबाची तिथल्या संस्थेने केलेली पाहणी, जन्मदात्यांना विचार बदलण्यासाठी मुदत, प्रथम भारतीय कुटुंबाचा शोध : आजच्या नियमांचा सांगाडा त्या निकालातला आहे. १९९० मध्ये कारा स्थापन झाली. २९ मे १९९३ च्या आंतरदेशीय दत्तकविषयक हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तो भारतापुरता लागू झाला. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ ने काराला वैधानिक दर्जा दिला. २०२१ च्या दुरुस्तीने (अंमल १ सप्टेंबर २०२२) दत्तकाचा अंतिम आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. त्यावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे होते.

नियम इतके घट्ट का, याचे उत्तर महाराष्ट्रातही आहे. पुण्यातील एका दत्तक संस्थेच्या कारभाराची चौकशी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली होती. आज दत्तकासाठी ठरलेल्या शुल्कापलीकडे संस्थेने देणगी मागणे किंवा कुटुंबाने ती देणे नियमबाह्य आहे. मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. एखाद्या इस्पितळातून किंवा ओळखीच्या मध्यस्थाकडून 'बाळ मिळतंय' असा निरोप आला, तर तो गुन्ह्याचा निरोप समजावा.

पात्रता आणि मुले : दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. दोघांच्या वयांची बेरीज पाहिली जाते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ च्या आत, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठ वर्षांसाठी १००, त्यापुढच्या मुलांसाठी ११० च्या आत हवी. एकट्या व्यक्तीसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ वर्षे आहे. मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. घरात आधीच दोन किंवा अधिक मुले असतील, तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळण्यास कठीण अशा मुलांचाच विचार होतो.

मूल दत्तकासाठी 'कायदेशीररीत्या मुक्त' आहे, असे बालकल्याण समिती जाहीर करते. टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा शोध घेऊन दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, मोठ्यासाठी चार महिन्यांत हे व्हावे, अशी तरतूद आहे. आईवडिलांनी स्वतः सोपवलेल्या मुलाबाबत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यानंतरचे ६० दिवस भारतात राहणाऱ्या किंवा परदेशस्थ भारतीय कुटुंबाचा शोध घेण्यासाठी राखलेले असतात. त्यात घर मिळाले नाही, तरच परदेशाचे दार उघडते. तिथेही भारतीय वंशाच्या कुटुंबांना अग्रक्रम असतो. अपंग मुले, भावंडांच्या जोड्या आणि पाच वर्षांवरील मुले यांना आंतरदेशीय दत्तकात प्राधान्य देता येते.

या अग्रक्रमाचा अर्थ परदेशी कुटुंबाने सुरुवातीलाच समजून घ्यावा. भारतातच दत्तकेच्छू पालकांची रांग हजारोंची आहे आणि प्रतीक्षा सरासरी साडेतीन वर्षांवर गेली आहे. निरोगी तान्हे बाळ या रांगेतून सहसा बाहेर जात नाही. २०२४-२५ मध्ये काराने नोंदवलेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. परदेशी गेलेली मुले बहुतेक मोठी किंवा आजार-अपंगत्व असलेली असतात. 'विशेष गरजा' या शीर्षकाखाली फाटलेला ओठ किंवा वाकडे पाऊल यांसारखे दुरुस्त होणारे दोषही येतात आणि आयुष्यभराची शुश्रूषा मागणारे आजारही. म्हणून मुलाचा वैद्यकीय अहवाल हाती आला, की तो आपल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावा. संस्थेत वाढलेल्या मुलाचे बोलणे आणि चालणे उशिरा सुरू होणे नेहमीचे असते. ते पोषणाअभावी आहे की मेंदूच्या विकारामुळे, हे कागदावरून नेहमीच कळत नाही. नकार द्यायचा तर याच टप्प्यावर द्यावा. मूल घरी आल्यावर दिलेला नकार त्याच्या वाट्याला दुसऱ्यांदा येतो. सात-आठ वर्षांचे, मराठीशिवाय दुसरी भाषा न येणारे मूल इटली किंवा स्पेनमधल्या घरी जाते, तेव्हा पहिले काही महिने त्याच्याशी मराठीत बोलणारे कोणी जवळपास असणे हा औषधोपचाराइतकाच निकडीचा भाग आहे. गृहपाहणीच्या अहवालात मात्र त्याची चौकशी क्वचितच दिसते.

प्रक्रिया : सुरुवात नेहमी राहत्या देशातून होते. तिथली काराने मान्य केलेली दत्तक संस्था किंवा सरकारचा संबंधित विभाग कुटुंबाची गृहपाहणी करतो आणि तो देश कुटुंबाला पात्र ठरवतो. जिथे अशी संस्था नाही, तिथे तिथल्या सरकारी विभागामार्फत किंवा भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो. आखाती देशांतील मराठी कुटुंबांना दूतावासाचीच वाट धरावी लागते. कागदपत्रे काराच्या 'केअरिंग्ज' संकेतस्थळावर चढवली जातात, मग मुलाची माहिती येते, कुटुंब ती स्वीकारते, कारा ना हरकत प्रमाणपत्र देते, मुलाला आदेशापूर्वी दत्तकपूर्व संगोपनासाठी कुटुंबाकडे सोपवता येते, आणि जिल्हाधिकारी आदेश देतात. त्यानंतर पालकांच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि हेग कराराच्या २३ व्या कलमाचे अनुरूपता प्रमाणपत्र. या क्रमातला एखादा टप्पा आधी उरकून घेण्याचा मोह महागात पडतो; विशेषतः राहत्या देशाची परवानगी मिळण्याआधी भारतात केलेला आदेश तिकडे व्हिसासाठी निरुपयोगी ठरू शकतो. मूल पोचल्यावर दोन वर्षे पाठपुरावा असतो, पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

नात्यातील दत्तक : मराठी कुटुंबांचे अर्ज अनेकदा अडतात ते इथे. 'भावाला तीन मुली आहेत, धाकटी आम्ही अमेरिकेत नेतो' असा घरगुती ठराव होतो, होम होतो, निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदले जाते आणि मग दूतावासात अर्ज फेटाळला जातो. हिंदू कायद्याप्रमाणे ते दत्तक भारतात वैध असू शकते. पण मूल परदेशी न्यायचे तर त्या कायद्याखालच्या दत्तकालाही जिल्हाधिकाऱ्यांचा पडताळणी अहवाल आणि काराचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. हेग करारातील देश केवळ दत्तकपत्रावर मुलाला प्रवेश देत नाही. बाल न्याय कायद्याखाली नात्यातील मूल घ्यायचे, तर 'नातेवाईक' या शब्दाची व्याप्ती ठरलेली आहे : मुलाचे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. आपल्याकडे वडिलांच्या चुलतभावालाही मूल काकाच म्हणते, पण कायद्याच्या वहीत तो नातेवाईक नाही. चुलत, मावस किंवा मामेभावाचे मूल घेऊ पाहणाऱ्यांनी मुलाला आशा लावण्याआधी हे तपासावे. हिंदू कायद्याची वाट त्यांना मोकळी असली, तरी तिच्या वेगळ्या अटी आहेत. उदाहरणार्थ, घरात मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही.

उलट दिशेचा प्रश्नही आला आहे. अमेरिकेत जन्मलेले आणि तिथले नागरिक असलेले नात्यातले मूल भारतात राहणाऱ्या दांपत्याला दत्तक घ्यायचे होते. काराने नोंदणी नाकारली आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ती मागणी फेटाळली. परदेशी नागरिक असलेल्या मुलाचे दत्तक आधी त्याच्या देशाच्या कायद्याने व्हावे लागते.

नागरिकत्व : दत्तक पूर्ण झाले म्हणजे नागरिकत्व मिळाले असे नाही. अमेरिकेच्या २००० च्या बाल नागरिकत्व कायद्याने (अंमल २७ फेब्रुवारी २००१) दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिले, पण त्या दिवशी १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना वगळले. पालकत्वाच्या आदेशावर नेलेली आणि पुढची कागदपत्रे अर्धवट राहिलेली जुन्या पिढीतील मुले त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतही अमेरिकेच्या नागरिकत्वाविना राहिली. आज दत्तक घेणाऱ्याने मुलाचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र पहिल्या वर्षातच हातात घ्यावे, शाळेचा दाखला मिळाला म्हणून निर्धास्त राहू नये. मूळचे सगळे कागद, म्हणजे बालकल्याण समितीचा आदेश, संस्थेतील नोंद, लहानपणीचे छायाचित्र, जपून ठेवावेत. मोठे झाल्यावर मुळांचा शोध घेण्याचा हक्क मुलाला आहे आणि संस्थांच्या नोंदी नेहमीच शाबूत राहत नाहीत. जन्मदात्रीने गोपनीयता मागितली असेल, तर मात्र तिचा शब्द पाळला जातो.

आंतरदेशीय दत्तकाची एकंदर वाट आता अरुंद होत आहे. जुन्या गैरव्यवहारांच्या चौकशीनंतर नेदरलँड्सने २०२१ मध्ये ही दत्तके तात्पुरती थांबवली. २०२४ मध्ये डेन्मार्कमधील एकमेव दत्तक संस्थेने काम बंद केले आणि त्याच वर्षी चीननेही नात्याबाहेरील परदेशी दत्तके बंद केली.

सरोगसी : दत्तकाची रांग पाहून अनेक कुटुंबे सरोगसीकडे, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याकडे, वळतात. भारतात २००२ ते २०१५ या काळात परदेशी दांपत्यांसाठी ही मोठी बाजारपेठ होती आणि गुजरातमधील आणंद तिचे केंद्र. २००८ मध्ये तिथे एका जपानी दांपत्यासाठी जन्मलेली मुलगी, जन्माआधीच दांपत्याचा घटस्फोट झाल्याने, काही महिने कोणत्याच देशाच्या कागदावर नव्हती. सरोगसीतून जन्मलेल्या आणि सोडून दिलेल्या मुलाभोवतीचा समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय' हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. परदेशी नागरिकांना २०१५ मध्ये मज्जाव झाला आणि सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ (अंमल २५ जानेवारी २०२२) याने व्यापारी सरोगसी पूर्ण बंद केली. आता परवानगी आहे ती फक्त निःस्वार्थ सरोगसीला. सरोगेट माता २५ ते ३५ वर्षांची, विवाहित किंवा पूर्वविवाहित आणि स्वतःचे मूल असलेली हवी, आयुष्यात एकदाच, वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा याखेरीज मोबदला नाही. इच्छुक दांपत्यात पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५ वर्षांचा असावा. ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित भारतीय स्त्रीला परवानगी आहे, अविवाहित स्त्रीला नाही. भारतीय वंशाच्या परदेशस्थ दांपत्याला राष्ट्रीय सरोगसी मंडळाची शिफारस घ्यावी लागते. व्यापारी व्यवहार केल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून काही भारतीय दांपत्ये परदेशी जातात. थायलंड आणि नेपाळ २०१५ मध्ये, कंबोडिया २०१६ मध्ये परदेशी लोकांना बंद झाले. बंदीच्या दिवशी गर्भ वाढत असलेल्या मातांची आणि दांपत्यांची मोठी ओढाताण झाली. २०२० च्या टाळेबंदीत युक्रेनमधील कीव्हच्या एका हॉटेलात सरोगसीतून जन्मलेली डझनावारी बाळे आईबापांची वाट पाहत पडून होती. इटलीने २०२४ मध्ये आपल्या नागरिकाने परदेशात जाऊन केलेली सरोगसीही गुन्हा ठरवली. या वाटेने जायचेच असेल, तर क्लिनिकचा यशाचा दर विचारण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : जन्मदाखल्यावर कोणाची नावे येतील, सरोगेट मातेचा हक्क केव्हा आणि कोणत्या आदेशाने संपेल, आणि भारतीय दूतावास बाळाला पासपोर्ट कोणत्या कागदांवर देईल. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद दूतावासात एक वर्षाच्या आत व्हावी लागते. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.