जस्त-घटांचे क्ष-किरण चित्रण

जस्ताचे ऋणाग्र असलेला विद्युत् घट न फोडता त्याच्या आतली झीज पाहण्याची पद्धत. घट कापला की जस्ताला हवा लागते, विद्राव सुकतो, कण जागचे हलतात; मग दिसते त्यात घटाचा दोष किती आणि करवतीचा किती, हे कळत नाही.

या कामाला जस्त सोयीचे आहे. लिथियमचा अणुक्रमांक 3, तो क्ष-किरणांना जेमतेम अडवतो, जस्ताचा 30. जस्ताची घनता दर घ. सेंमी.ला 7.14 ग्रॅम, झिंक ऑक्साइडची सुमारे 5.6 आणि विद्रावाची त्याहून पुष्कळ कमी असल्याने तिन्हींच्या छटा वेगळ्या उमटतात. साध्या छायाचित्रात सावल्या एकमेकींवर पडतात. म्हणून शेकडो कोनांतून चित्रे घेऊन संगणकावर छेद जुळवतात. तत्त्व सीटी स्कॅनचेच. तिथे यंत्र रुग्णाभोवती फिरते, इथे बहुधा घटच फिरवतात.

कानयंत्रातला वाटाण्याएवढा जस्त-हवा घट (सुमारे 1.4 व्होल्ट) याचा चांगला नमुना. कोऱ्या घटाच्या छेदात जस्ताचे कण ठळक, पांढरे दिसतात. घट वापरला जाऊ लागला की कणांभोवती ऑक्साइडचे करडे कवच चढते आणि आतला गाभा बारीक होत जातो. ऑक्साइड मूळ जस्ताच्या जवळजवळ दीडपट जागा घेते. कवच घट्ट मिटले तर आतले जस्त न वापरताच वाया जाते. पुन्हा भारित होणाऱ्या घटांत झाडाच्या फांद्यांसारखे वाढणारे जस्त (डेंड्राइट) आणि हायड्रोजनचे बुडबुडेही टिपता येतात.

संपलेला अल्कलाइन सेल टेबलावर उभा सोडला तर उसळतो. नवा धप्पकन बसतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये याचा माग काढला, त्यात क्ष-किरण विवर्तन वापरले (हे चित्रण नव्हे, पण भावकीतलेच). सुट्या जस्तकणांमध्ये ऑक्साइडचे पूल बांधले जातात आणि मऊ लगदा ताठ होतो. उसळी मात्र जवळपास निम्मी शक्ती शिल्लक असतानाच शिगेला पोचते. तेव्हा उसळला म्हणून सेल फेकणे घाईचे.

काही नॅनोमीटर जाडीचे थर या चित्रांत सहसा निसटतात. सिंक्रोट्रॉनच्या (भारतात इंदूरचे इंडस-2) प्रखर शलाकेने विद्रावातले पाणी फुटून बुडबुडे उठू शकतात आणि ते घटाच्या नावावर खपून जातात. यासाठी किरण न लागलेला जोडीचा घट चालवून दोन्हींचे व्होल्टेज ताडून पाहतात.