साठातला एक अभ्यासक्रम : प्राथमिक फ्रेंच

दिवाळीत गावी, तामलवाडीला गेले होते. फाट्यावर सोलापूरच्या एसटीची वाट बघत असताना आमच्या गल्लीतला एक मुलगा भेटला. इतिहासात एम.ए. करतोय, पुढे संशोधन करायचं म्हणतो. फ्रान्समधल्या एका अभ्यासक्रमाची माहिती त्याने वाचली होती आणि तिथे फ्रेंचचं बी-२ पातळीचं प्रमाणपत्र मागितलं होतं. म्हणाला, "ताई, इंग्रजीच आपण कसंबसं ओढत आणलं. आता फ्रेंच कुठनं आणायची? अन् आली तरी 'येते' म्हणून दाखवायचं कसं?"

एसटी आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. खरं तर भाषेची अट आमच्या भागाला नवी नाही. १९४८ पर्यंत आमचा तुळजापूर तालुका निजामाच्या राज्यात होता. सरकारी कामाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. काही कोसांवर सोलापूर, तिथे इंग्रजांचं राज्य आणि इंग्रजीचा मान. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला कुठल्याही बाजूला पुढे जायचं तर दुसऱ्या कुणाची तरी भाषा येते हे दाखवावंच लागे.

त्या मुलाला मी जे फोनवर सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर मांडते. उदाहरण सगळ्यांना माहीत असलेल्या विद्यार्थ्याचं आहे, पण त्याच्या अभ्यासातली ही एक ओळ आपण सहसा वाचत नाही.

ती ओळ

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. शेवटी प्राथमिक फ्रेंच १ आणि प्राथमिक जर्मन १. एकूण ६०.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मध्येच फ्रेंच का घ्यावी? कारण त्या काळात अमेरिकेत डॉक्टरेट करायची तर फ्रेंच आणि जर्मन वाचता येणं ही सर्वसाधारण अट असे. अमेरिकन विद्यापीठांनी पीएच.डी.ची पद्धत मुख्यतः जर्मनीकडून घेतली होती. आंबेडकरांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन स्वतः तरुणपणी बर्लिन, हायडेलबर्ग, जिनिव्हा आणि पॅरिस इथे शिकून आले होते. त्या पिढीच्या दृष्टीने निम्मं ज्ञान इंग्रजीच्या बाहेर होतं, आणि त्याचं भाषांतर होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

अट वाचता येण्याची होती, हे लक्षात घ्या. बोलणं, उच्चार, पत्र लिहिणं याची अपेक्षा नसे. परीक्षक सहसा विषयातला एखादा उतारा पुढे ठेवत आणि विद्यार्थ्याने त्याचा अर्थ इंग्रजीत सांगायचा. भाषा एका ठरावीक कामासाठी हवी होती आणि परीक्षाही त्याच कामाची होती.

या ओळीवरून काय सिद्ध होतं?

आता इतिहासाचे विद्यार्थी म्हणून जरा थांबा. "बाबासाहेबांना फ्रेंच येत होतं" असं वाक्य आपण या ओळीवरून लिहू शकतो का? माझ्या मते नाही. त्यांनी फ्रेंचचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतला, एवढंच या नोंदीतून सिद्ध होतं. कोणती पातळी गाठली, हे पाहायला दुसरा पुरावा लागतो.

असा पुरावा शोधायला चांगली जागा म्हणजे ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध. त्यात जातीच्या चार व्याख्या तपासल्या आहेत आणि पहिली व्याख्या एका फ्रेंच माणसाची आहे : एमिल सेनार. सेनारचं जातींवरचं पुस्तक १८९६ मध्ये फ्रेंचमध्ये आलं आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये निघालं. म्हणजे १९१६ साली पूर्ण पुस्तक वाचायचं तर फ्रेंचमधूनच वाचावं लागणार होतं.

सापडला पुरावा, असं वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण रिस्लेने १९०८ च्या ग्रंथात आणि श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९०९ च्या पुस्तकात सेनारची चर्चा इंग्रजीत केलेली होती, आणि आंबेडकरांच्या निबंधात हे दोघेही आहेत. सेनारची व्याख्या त्यांच्यामार्फतही मिळू शकते. त्याच निबंधात गॅब्रिएल तार्द हा दुसरा फ्रेंच विचारवंत येतो. त्याच्या अनुकरणाच्या सिद्धांतासाठी संदर्भ मात्र इंग्रजी भाषांतराचाच दिलेला आहे. तेव्हा फ्रेंच लेखकांचे विचार त्यांनी बारकाईने पचवले होते, इथपर्यंत ठामपणे म्हणता येतं. ते मूळ फ्रेंचमधून वाचले, असं ठामपणे म्हणता येत नाही.

जर्मनची गोष्ट वेगळी आहे. १९२१ च्या फेब्रुवारीत आंबेडकरांनी लंडनहून प्रशियाच्या शिक्षण खात्याला पत्र लिहिलं. बॉन विद्यापीठात प्रवेश हवा होता. हे पत्र जर्मनमध्ये आहे आणि त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. इथे भाषा कामाला लावलेली समोर दिसते. दोन्ही भाषांचा अभ्यासक्रम एकेकच, यादीत दोन्ही ओळी सारख्याच. उरलेला पुरावा मात्र सारखा नाही. प्रबंधात एखाद्याबद्दल "अमुक भाषेवर प्रभुत्व होतं" असं लिहिण्याआधी हा फरक आठवा.

जिथे परीक्षाच नव्हती

या यादीच्या मागे आणखी एक भाषा उभी आहे. मुंबईत शाळेत असताना आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना पर्शियन घ्यावं लागलं. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने केला.

ही गोष्ट फ्रेंचच्या ओळीशेजारी ठेवून बघा. कोलंबियातही भाषेची अट होती आणि ती कठीणच होती. पण ती अभ्यास करून पुरी करता येत होती. मुंबईत विचारलं गेलं ते भाषेबद्दल नव्हतंच, जन्माबद्दल होतं. तिथे कितीही अभ्यास केला तरी पास होण्याची सोय नव्हती.

आणि गंमत अशी की ज्या भाषेचा वर्गच बंद केला, तिच्याच पातळीचा पुरावा पुढे त्यांच्याकडे मागितला गेला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी या आक्षेपाला उत्तर दिलं आहे. संस्कृतवर प्रभुत्व असल्याचा दावा मी करू शकत नाही, ही उणीव मला मान्य आहे, असं ते सरळ सांगतात. मात्र त्यामुळे मी या विषयाला अपात्र ठरत नाही, कारण संस्कृतातलं बहुतेक साहित्य इंग्रजीत उपलब्ध आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आपली भाषेची पातळी प्रामाणिकपणे सांगायची, कोणत्या साधनांवर काम केलं ते दाखवायचं आणि मग निष्कर्ष तपासायला वाचकापुढे ठेवायचे. संशोधकाने भाषेचा पुरावा कसा द्यावा, याचा इतका स्वच्छ नमुना मी तरी दुसरा वाचलेला नाही.

मग बी-२ चं काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. आज भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा आहेत. युरोपीय परिषदेने ही चौकट २००१ मध्ये प्रसिद्ध केली. फ्रेंचसाठी डेल्फ (ए-१ ते बी-२) आणि डाल्फ (सी-१, सी-२) या परीक्षा १९८५ पासून आहेत. मुंबई-पुण्यात अलियाँस फ्रान्सेझमध्ये त्या देता येतात. हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. टीसीएफ नावाची दुसरी परीक्षा आहे, तिचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात. त्यामुळे जायचं नक्की नसेल तर टीसीएफची घाई करू नका.

डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. आता हिशोब करा. कोलंबियात मागत होते तेवढंच, म्हणजे फक्त वाचन, तुम्हाला उत्तम येत असेल आणि त्यात २५ पैकी २५ मिळाले, तरी तेवढ्यावर तुम्ही नापासच. यात अन्याय काही नाही. तिकडे जाऊन वर्गात बसायचं, टिपणं काढायची, भाडेकराराबद्दल घरमालकाशी बोलायचं, तर चारही गोष्टी लागतातच. पण उलट बाजूही खरी आहे : बी-२ मिळालं म्हणजे अठराव्या शतकातली फ्रेंच हस्तलिखितं वाचता येतील असं नाही. ती वाचायला वेगळा सराव लागतो आणि त्याची पातळी कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते.

म्हणून मी त्याला दोन प्रश्न विचारले. तुला फ्रान्सला जाऊन शिकायचंय, की इथे बसून फ्रेंच साधनं वाचायचीत? जायचं असेल तर वर्ग लाव, चारही कौशल्यांचा सराव कर, परीक्षा दे. वाचायचं असेल तर व्याकरणाचं एक पुस्तक, एक शब्दकोश आणि तुझ्या विषयातलं एक फ्रेंच पुस्तक घे, रोज एक परिच्छेद मराठीत उतरव. आणि प्रबंधात लिही, की एवढं मुळातून वाचलं, एवढं भाषांतरातून.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ताई, अट अवघड आहे, पण बंद नाही."

हो. तेवढं असलं की बाकीचा अभ्यास असतो.