साक्षरतेचा पहिला धडा

१९८४ हे साल संगणक-साक्षरतेच्या इतिहासात दोनदा नोंदवावे, असे मला वाटते. त्या वर्षी केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला आणि देशातील निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक पोहोचले. त्याच वर्षी आमच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. इथला प्रश्न यंत्राचा नव्हता, अक्षराचा होता: शाळेत जाऊनही मूल वाचू का लागत नाही?

त्याला मिळालेले उत्तर साधे होते. आधी सगळी मुळाक्षरे घोकायची आणि मग कधीतरी अर्थाकडे वळायचे, असे नाही. थोडी अक्षरे येताच त्यांचे शब्द, शब्दांची वाक्ये करायची आणि मुलाने स्वतःचे अनुभव लिहायचे.

संगणकाच्या वाटेवर मात्र मुळाक्षरांचीच पद्धत टिकली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी तालुक्या-तालुक्यांत पोहोचली. मराठीतून शिकण्याची सोय, प्रत्यक्ष सराव, संगणकावरच परीक्षा हे तिचे मोठे काम. पण सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरले, तसे अनेकांच्या लेखी शिकण्यापेक्षा प्रमाणपत्रच मोठे झाले. २०२०च्या टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर आले. तेव्हा मोबाईल सराईतपणे हाताळणे म्हणजेच साक्षरता, असा नवा समज रुजला.

त्याची किंमत आजही दिसते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला पदवीचा विद्यार्थी नेट कॅफेत जातो. पासवर्ड दुकानदार ठरवतो, ओटीपी विद्यार्थी त्याला मोठ्याने सांगतो. अर्ज त्याचा, पण किल्ली दुसऱ्याकडे. पूर्वी निरक्षर माणूस दुसऱ्याकडून पत्र लिहून घेई, त्याहून हे फार वेगळे नाही.

म्हणून महाविद्यालयीन मुलांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आखायचा, तर पहिला धडा संगणकाच्या भागांचा नको. पहिल्या दिवशी इनस्क्रिप्ट कळफलकावर, युनिकोडमध्ये, आपल्या गावाविषयी पाच ओळी. मग ती फाईल नाव देऊन जपणे, पुन्हा शोधणे, ईमेलने पाठवणे. पुढे स्वतःचा शिष्यवृत्तीचा अर्ज, घरचा सातबारा, खर्चाचा तक्ता. पाठ लहान असावेत, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालावेत. आठवड्यातून एकदा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात शिक्षक समोर असावा, कारण अडलेला विद्यार्थी पडद्याला प्रश्न विचारत नाही, गप्प बसतो. परीक्षा एकच: स्वतःचा अर्ज कुणालाही ओटीपी न सांगता भरून दाखवणे.