बुरूड राजाचा कोट

दिव्यात राहणाऱ्या माणसाला "वीकांताला कुठे?" असं विचारू नये. पाच दिवस ज्या फलाटावर लोकलमध्ये घुसायची झटापट करायची, त्याच फलाटावर रविवारी कोण परत जाणार? पण गेल्या रविवारी मी गेलो, तेही आपणहून.

झालं असं, की आमच्या प्रोजेक्टवरच्या जपानी सहकाऱ्याने ओसाकाजवळच्या साकाई शहरातल्या दाइसेन कोफुनचा फोटो दाखवला. कोफुन म्हणजे थडग्यावर रचलेली टेकडी. ही पाचव्या शतकातली, तब्बल ४८६ मीटर लांब. वरून पाहिलं तर कुलपाच्या भोकासारखा आकार, भोवती पाण्याचे तीन खंदक. २०१९ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली, तरी आत जायला आजही लोकांना बंदी. सम्राट निंतोकुचं थडगं म्हणून तिथलं राजघराण्याचं खातं ती सांभाळतं. "तुमच्याकडे आहे का असं काही?" त्याने विचारलं. "आमच्याकडे माणसं जाळतात," असं मी ठोकून दिलं.

घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. स्तूप म्हणजे तरी काय? मधोमध अस्थी किंवा पूज्य माणसाची एखादी वस्तू, आणि वर विटा-मातीचा उंचवटा. आणि असा एक स्तूप तर आमच्या दिवा-वसई गाडीच्या वाटेला! भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड करत वसई रोडला उतरायचं, तिथून एक स्टेशन पुढे नालासोपारा.

आज सोपारा म्हटलं की गर्दी आठवते. पण हे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि आपलं कल्याण, दोन्ही आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ साली मिळाला, नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात.

स्तूपाला मात्र गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. बुरूड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारे. आता गंमत बघा, शूर्प म्हणजेच सूप! योगायोग असेलही. पण मला आपलं वाटतं, गाव स्तूप विसरलं तरी जुन्या नावाचा धागा कुठेतरी शिल्लक राहिला असावा.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा उंचवटा खणला. मूळचे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले. मधोमध त्यांना दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडक. एकात एक, एकात एक. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोनं हे नुसतं पॅकिंग, माल मातीचा.

खरी गोष्ट पुढेच आहे. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. याचा अर्थ अभ्यासक असा लावतात, की मध्ये कधीतरी कुणीतरी स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा नीट मिटवला. सोन्याला हात लावला नाही. उलट स्वतःची भर घातली.

१८८२ मध्ये तो परत उघडला, आणि ऐवज मुंबईला गेला. आज तो एशियाटिक सोसायटीकडे आहे. मी पंडितजींना दोष देत नाही. त्यांनी खणलं नसतं, तर आपल्याला आजही तो बुरूड राजाचा कोटच वाटला असता, किंवा त्यावर एखादी चाळ उभी राहिली असती. जपान्यांनी टेकडी मिटलेली ठेवली, आत काय आहे ते पुरतं ठाऊक नाही. आपल्याला सगळं ठाऊक आहे, पण उंचवटा रिकामा आहे. दोन्हीकडे काहीतरी गमावलंच.

स्तूप आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. झाडांमध्ये विटांचा बसका ढिगारा, पाहायला 'विशेष' असं काही नाही. तरी मी तासभर बसलो. आपण रोज दुसऱ्याचा जुना कोड उघडतो, आपली भर घालतो आणि मोडतोड न करता बंद करायचं बघतो. हजारेक वर्षांपूर्वी त्या अनाम माणसांनी तेच केलं होतं, आणि आमच्यापेक्षा कितीतरी निगुतीने.

सोमवारी सहकाऱ्याला फोटो पाठवला, खाली लिहिलं : "आहे. आमच्याकडेही आहे. फक्त आतलं सामान दुसरीकडे ठेवलंय."

असो. पुढच्या वीकांताला ते सामान बघायला फोर्टात.