लूर्दचा झरा

वांद्र्याच्या टेकडीवर दरवर्षी सप्टेंबर महिन्यात मोतमाउलीची जत्रा भरते, ती पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. चढणीच्या वाटेवर दुकाने लागतात आणि त्यांत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकायला मांडलेली असतात. ज्याचा जो अवयव दुखत असेल त्याने तो मेणाचा घ्यावा आणि मेरीमातेपुढे ठेवावा, अशी तिथली चाल. घेणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तसे इतर धर्मांचेही पुष्कळ असतात. दुखणे माणसाची जात विचारून येत नाही. मग नवसाने तरी ती का विचारावी?

पण ज्यांनी मागितले आणि ज्यांना मिळाले नाही, त्यांचे काय? अशांच्या वाट्याला दुखण्याबरोबर आणखी एक दुःख येते. ‘तुमची श्रद्धाच उणी पडली’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई दीर्घ दुखण्याने गेली, तेव्हा समाचाराला आलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने हाच निवाडा त्या पोरासमोर दिला. पुढे कित्येक दिवस तो मुलगा शाळेच्या प्रार्थनेला ओठ मिटून उभा राही. त्याला सांगण्याजोगे काही इतिहासात आहे का, याचा शोध घेताना मी लूर्द गावापर्यंत जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांच्या वाटेने.

लूर्द हे दक्षिण फ्रान्समधले, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे गाव. तिथे बर्नादेत सुबिरू नावाची चौदा वर्षांची मुलगी राहात होती. बाप गिरणीवाला, पण धंदा बुडालेला. सारे कुटुंब गावच्या जुन्या, टाकून दिलेल्या तुरुंगाच्या एका खोलीत दिवस काढीत होते. मुलीला दमा होता, त्यात पटकीने तिला आणखी खिळखिळी केलेली. लिहितावाचता येत नव्हते. ११ फेब्रुवारी १८५८ या दिवशी ती बहिणीबरोबर आणि एका मैत्रिणीबरोबर लाकूडफाटा वेचायला नदीकाठच्या मासाबिएल गुहेपाशी गेली आणि तिथे तिला एक शुभ्रवस्त्रा स्त्री दिसली. जुलैपर्यंत असे दर्शन अठरा वेळा झाले, असे तिने सांगितले. २५ फेब्रुवारीला तिने त्या स्त्रीच्या सांगण्यावरून गुहेतली माती हातांनी उकरली. आधी चिखल आला, मग पाणी आले. तोच लूर्दचा झरा.

पाण्याने रोगी बरे होऊ लागल्याची वार्ता पसरली, तशी सरकारने गुहेपुढे फळ्या ठोकून वाट बंद केली. पाण्यात काही खनिज औषधी गुण असतील म्हणून तूलूझच्या फिलोल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडून त्याची परीक्षा करविण्यात आली. निष्कर्ष असा, की हे साधे पिण्याचे पाणी आहे. पुढे बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने गुहा पुन्हा मोकळी झाली आणि १८६२ साली तिथल्या बिशपांनी दर्शने खरी मानली. त्याबरोबरच सात रोगमुक्तींनाही मान्यता दिली.

आता वाचकहो, ज्या मुलीने हा झरा उकरला तिचे काय झाले? १८६६ साली ती नेव्हेरच्या मठात जोगीण झाली. तिथल्या रुग्णशाळेत ती इतरांची शुश्रूषा करी. दमा सुटला नाहीच. वर क्षय जडला, तो गुडघ्याच्या हाडात शिरला. आजारी असणे हेच आपले काम, असे ती म्हणे. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ती वारली. १९३३ साली तिला संतपद मिळाले. श्रद्धा उणी म्हणून रोग राहतो असे मानायचे, तर या मुलीला काय म्हणायचे?

खुद्द ख्रिस्ती शास्त्रातही हा निवाडा टिकत नाही. रोग्यासाठी प्रार्थना करा, त्याला तेल लावा, असे याकोबाचे पत्र सांगते. पण त्याच ग्रंथात पौल शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी करतो आणि काटा तसाच राहतो. जन्मांधाला पाहून हे कोणाच्या पापाचे फळ, असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष देत नाही.

लूर्दमध्ये आणखी एक गोष्ट घडली, तिचा मला विशेष आदर वाटतो. १८८३ साली तिथे वैद्यकीय तपासणीची कचेरी निघाली. बरा झालो म्हणणाऱ्याचे कागद तपासायचे, आणि तपासणारा डॉक्टर कोणत्याही धर्माचा किंवा नास्तिक असला तरी त्याला मज्जाव नाही. रोग गंभीर हवा, सुधारणा औषधाने झालेली नको, ती एकाएकी, पूर्ण आणि टिकाऊ हवी. १९०२ साली अलेक्सी कारेल या तरुण फ्रेंच डॉक्टरने मारी बाय्यी नावाची मरणोन्मुख मुलगी तिथे डोळ्यांदेखत सावरताना पाहिली. या कारेलना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांच्या साक्षीनंतरही, १९६४ साली डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ही घटना चमत्कार म्हणून स्वीकारली नाही. मूळ रोगनिदानाविषयीची शंका पुरती फिटली नव्हती. उलट गॅलिपोलीच्या लढाईत जायबंदी झालेला जॉन ट्रेनर १९२३ साली तिथे बरा झाला, त्याला चर्चची मान्यता मिळाली ती १०१ वर्षांनी, २०२४ साली!

कादंबरीकार म्हणून मला एमिल झोलाची हकीकत विसरता येत नाही. १८९२ साली तो लूर्दला गेला, मारी लब्रांशू ही क्षयी बाई बरी झालेली त्याने पाहिली, आणि १८९४ च्या आपल्या कादंबरीत तिच्यावरून रचलेले पात्र त्याने परतीच्या वाटेवर रोग उलटून मारून टाकले. खरी बाई पुढे कित्येक वर्षे जगली. कथेला सोयीचे म्हणून माणूस मारणे आमच्या धंद्यात सोपे असते. पण नास्तिकाने पुरावा वाकविला काय आणि भाविकाने वाकविला काय, सत्याचे नुकसान सारखेच.

१८५८ पासून आजवर सात हजारांहून अधिक रोगमुक्तींच्या नोंदी लूर्दला झाल्या. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्या त्या २०२५ पर्यंत अवघ्या ७२. आणि येणाऱ्यांची संख्या? दरसाल लाखांनी. म्हणजे बहुतेक सारे आपले दुखणे घेऊनच परततात. तरी ते पुन्हा येतात, याचे उत्तर मला तिथल्या व्यवस्थेत दिसते. लूर्दला मिरवणुकीत पुढची जागा रोग्याची असते. त्याची चाकाची खुर्ची ढकलायला, त्याला उचलायला, भरवायला स्वयंसेवक स्वखर्चाने येतात. त्यांचा संघ १८८५ पासून चालत आला आहे. घरी ज्याला कोपऱ्यातल्या खाटेवर पडून राहावे लागते, तो इथे चार दिवस सर्वांच्या मध्यभागी असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी हा दिवस जगभरच्या रुग्णांसाठी १९९२ साली ठरवून दिला, तो याच गावाच्या स्मरणाने.

प्रार्थनेने रोग जातो की नाही, याचा निकाल देणे माझ्यासारख्या शाळामास्तराचे काम नव्हे. इतके मात्र इतिहास सांगतो, की ज्या प्रार्थनेने रोग्याजवळ माणसे गोळा झाली ती फुकट गेली नाही. आणि ज्या श्रद्धेने रोग्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तिला बर्नादेतच्या गावी थारा नाही. या दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतील. आपल्या आळीत कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर पहिले ताट तिकडे जावे, आणि नेणाऱ्याने घटकाभर तिथे बसावे.